रात्री नऊला नेट का रखडतं? फायबर, एफयूपी आणि गर्दी: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारच्या जुन्या घरांतून, मांजलपूरच्या सोसायट्यांतून, कारेलीबागेतल्या निवृत्त काकांकडून आणि गोत्रीला नव्याने राहायला गेलेल्या जोडप्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं देणारा नेटवर्कच्या धंद्यातला आहे, पण कुठल्याही कंपनीचा एजंट नाही. प्लॅनचे आकडे बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी कंपनीच्या अॅपमधला ताजा आकडा बघून घ्या.

'अनलिमिटेड' लिहिलंय, मग ही ३३०० जीबीची भानगड काय?

अनलिमिटेडचा अर्थ इतकाच, की जास्त वापरलं म्हणून जास्तीचं बिल येत नाही. वेग कायम राहील असं कुठेच लिहिलेलं नसतं. प्लॅनच्या अटींमध्ये खाली कुठेतरी एफयूपीची (फेअर युसेज पॉलिसी, म्हणजे ठरावीक वापरानंतर वेग कमी करण्याची अट) ओळ असते आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांकडे तिथला आकडा बऱ्याचदा महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असतो. स्वस्त प्लॅनमध्ये किंवा गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या कनेक्शनमध्ये तो बराच कमी असू शकतो.

३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी. हाच हिशोब वेगाच्या भाषेत मांडला तर महिनाभर, रात्रंदिवस, सतत १० एमबीपीएस. आता १०० एमबीपीएसचा प्लॅन पूर्ण वेगाने चालवून बघा: तासाला ४५ जीबी जातात आणि महिन्याचा कोटा तीन दिवसांत उडतो. कंपनीने तुम्हाला शंभरचा वेग विकला, पण हिशोब धरला सरासरी दहाचा. यात बेकायदेशीर काही नाही, घरगुती नेट जगभर असंच विकलं जातं. आक्षेप घ्यायचाच तर 'अनलिमिटेड' ठळक आणि अट बारीक अक्षरात छापण्यावर घ्यावा.

आमच्या घरी इतका डेटा लागतो तरी का?

बहुधा नाही. चार माणसांचं घर धरू. दोन टीव्ही, प्रत्येकी चार तास एचडी. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सांगण्यानुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात, म्हणून दिवसाला २४ आणि महिन्याला ७२०. घरून काम करणारा एक जण, रोज चार तास व्हिडिओ मीटिंग, तासाला दीड जीबी धरले तर महिन्याचे सव्वाशे-दीडशे. मोबाइलवरचे रील्स, यूट्यूब, व्हॉट्सअॅप मिळून अडीचशे-तीनशे. वर अपडेट आणि मुलाचा एखादा शंभर जीबीचा गेम. सगळं ओतलं तरी तेराशेच्या वर फारसं जात नाही.

फोर-के टीव्ही आला की गणित बदलतं. तिथे तासाला ७ जीबीपर्यंत जातात. रोज चार तास बघणारा एक टीव्ही एकट्याने ८४० जीबी खातो. तरीही ३३०० दूरच राहतात.

मग संपतो कुणाचा?

फतेहगंजला विद्यार्थ्यांना खोल्या देऊन एकाच कनेक्शनवर बारा जणांना बसवणाऱ्या घरमालकाचा. लग्नाचं शूटिंग करून सगळ्या फाइली क्लाउडवर चढवणाऱ्या फोटोग्राफरचा. मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये घरगुती प्लॅन लावणाऱ्याचा. शेजाऱ्याला पासवर्ड देऊन निम्मे पैसे घेणाऱ्याचा (अटींमध्ये याला सहसा मनाई असते, पण सोसायटीत कोण विचारतं).

आणि एक नग नेहमी सुटतो, तो सीसीटीव्ही. कॅमेरा घरातल्या डीव्हीआरमध्येच (रेकॉर्डिंगच्या डब्यात) साठवत असेल तर चिंता नाही. सतत क्लाउडवर पाठवणारा असेल तर २ एमबीपीएसच्या हिशोबाने एक कॅमेरा महिन्याला साडेसहाशे जीबी वर पाठवतो. चार कॅमेरे लावले की कोट्याचा मोठा हिस्सा तिथेच संपला आणि घरात कुणी एक सिनेमाही बघितलेला नाही. हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर, ही सेटिंग चालू करा.

अपलोडही मोजतात का?

बहुतेक प्लॅनमध्ये हो, दोन्ही मिळून. आणि महिना म्हणजे एक तारीख ते तीस तारीख नव्हे, तुमच्या बिलाचं चक्र.

कोटा संपल्यावर किती वेग राहतो? कंपनीने आधी कळवायला नको का?

कळवायला हवं. २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्यांना सांगितलं की ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला सूचना द्या आणि एफयूपी संपल्यावरही वेग ब्रॉडबँडच्या किमान वेगाखाली नेऊ नका. तेव्हा तो किमान वेग ५१२ केबीपीएस होता. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्याच २ एमबीपीएस झाली.

२ एमबीपीएसमध्ये यूपीआय, व्हॉट्सअॅप, बँकेचं काम, रेल्वेचं तिकीट निवांत होतं. एका फोनवर साध्या दर्जाचा व्हिडिओही चालतो. दोघांनी एकदम बघायला घेतलं की भांडण. सूचनेचे एसएमएस येत नसतील तर कंपनीकडे नोंदवलेला नंबर तपासा. कित्येक घरांत तो कनेक्शन घेताना दिलेला, आता बंद पडलेला नंबर असतो.

अॅपमध्ये अजून दोन हजार जीबी शिल्लक दिसतात. तरी रात्री नऊला नेट मरतं. कसं?

कारण कोटा आणि गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी ठरावीक वेळी येतं आणि सगळे एकदम मोटर लावतात, तेव्हा धार बारीक होते. महिन्याला तुम्ही किती लिटर वापरता याचा त्या धारेशी संबंध नसतो. त्या अर्ध्या तासात किती मोटारी चालू आहेत, इतकंच महत्त्वाचं.

नेटची गर्दीही घड्याळाशी बांधलेली असते. साधारण साडेआठ ते साडेअकरा. जेवणं झालेली, टीव्ही लागलेले, मुलं गेमवर. कोटा संपल्याची खूण याहून निराळी: वेग सकाळी, दुपारी, रात्री सारखाच, एका ठरावीक आकड्याला चिकटलेला, आणि बिलाची तारीख उलटली की आपोआप सुटतो. निदान करायला ही एवढी खूण पुरते. कॉल सेंटरला फोन करण्याआधी ती बघा, कारण पलीकडचा माणूस बहुतेक वेळा 'सर, राउटर बंद करून चालू करा' इथूनच सुरुवात करणार आहे.

मर्यादा नसेल तर लोक वाट्टेल तसं वापरतील आणि लाइन जाम होईल, असं कंपनीवाले सांगतात. खरं आहे का?

फारच थोडं. चोवीस तास टॉरेंट चालवणारा माणूस रात्री नऊलाही चालवतो, तेवढ्यापुरतं खरं. पण मर्यादेला घड्याळ दिसत नाही. पहाटे तीनला तुम्ही शंभर जीबीचा गेम उतरवलात तर कुणाचंही बिघडत नाही, तरी कोट्यातून शंभर जातात. रात्री नऊला मॅच बघितलीत तर गर्दीत भर पडते आणि कोट्यातून जातात जेमतेम तीन-चार.

कंपनीचा स्वतःचा खर्चही जीबीवर ठरत नाही. मोठ्या नेटवर्ककडून बँडविड्थ विकत घेताना सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: दर पाच मिनिटांनी वेग मोजायचा, महिन्यातली सर्वांत वरची पाच टक्के मोजमापं सोडून द्यायची आणि उरलेल्यांतलं सर्वांत मोठं बिलाला धरायचं. तीस दिवसांच्या महिन्यात ते सोडून दिलेले पाच टक्के होतात ३६ तास. रोजची रात्रीची गर्दी त्यापेक्षा कितीतरी जास्त तास भरते, त्यामुळे ती बिलात येतेच. पहाटेची लाइन रिकामी राहिली काय, भरली काय, बिल तेच.

मार्च २०२० आठवा. सगळे घरात अडकले आणि घरगुती वापर एकदम चढला. त्या वेळी अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीने आपली महिन्याची डेटा मर्यादा तात्पुरती उठवली. मर्यादा हे गर्दीवरचं औषध असतं तर नेमकी त्याच महिन्यात ती कडक करावी लागली असती. आपल्याकडे तेव्हा जो उपाय झाला तो थेट वेगावर होता. व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचं चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८०पीच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि नेटफ्लिक्सने आपला बिटरेट सुमारे २५ टक्क्यांनी उतरवला.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी बीएसएनएलचा डेटावन वापरलेल्यांना 'नाइट अनलिमिटेड' आठवत असेल. रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, मोजणी नाही. अर्धं बडोदं तेव्हा पहाटेचा गजर लावून डाउनलोड सुरू करायचं आणि आठच्या आत बंद करायला धडपडायचं. माझ्या मते आजच्या ३३०० च्या आकड्यापेक्षा ती योजना शहाणी होती. रिकामी लाइन स्वस्त, भरलेली महाग, एवढं तरी तिला कळत होतं. आजची मर्यादा मुख्यतः धंदेवाईक वापर घरगुती प्लॅनवर येऊ नये आणि ज्याला खरंच जास्त लागतं त्याने महाग प्लॅन घ्यावा, यासाठी आहे. तसं असायला हरकत नाही. फक्त ती गर्दीच्या नावावर खपवू नये.

ही गर्दी नक्की कुठे होते?

घरापासून बाहेर चालत जाऊ.

पहिला टप्पा तुमचा वायफाय. तक्रारींतल्या कितीतरी तिथेच संपतात, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

दुसरा टप्पा खांबावरच्या डब्यातला स्प्लिटर. आपल्याकडचं बहुतेक फायबर जीपॉन पद्धतीचं असतं. कंपनीच्या केंद्रातून एक काच-तार निघते, स्प्लिटरमध्ये ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांना मिळून खाली येणारा वेग असतो साधारण अडीच जीबीपीएस, वर जाणारा सव्वा. ३२ घरांनी एकदम पूर्ण वेग मागितला तर प्रत्येकाला ७७-७८ एमबीपीएस मिळतील. ऐकायला वाईट वाटतं, पण असं होत नाही. बत्तीसही घरांत एकाच वेळी फोर-के सिनेमा लागला आणि प्रत्येकाला १५ एमबीपीएस लागले, तरी बेरीज ४८० होते, अडीच हजारांतला पाचवा हिस्सा. त्यामुळे स्प्लिटरला दोष देण्यात फारसा अर्थ नसतो.

तिसरा टप्पा केंद्रातलं ओएलटी नावाचं यंत्र. खरी गोम इथे असते. अशा यंत्राला सोळा पोर्ट असले (प्रत्येकातून वर सांगितली तशी एक काच-तार निघते) तर खालच्या बाजूला सगळे मिळून चाळीस जीबीपीएसची सोय झाली. वरच्या बाजूला, कंपनीच्या मुख्य नेटवर्ककडे जाणारी लाइन बऱ्याचदा दहाचीच असते आणि हात आखडता घेणाऱ्या छोट्या ऑपरेटरकडे त्याहून कमी. भागात कनेक्शनं वाढत जातात, वरची लाइन तीच राहते. गोत्री-भायली बाजूला एकामागून एक इमारती उभ्या राहिल्यात. तिथे पहिल्या वर्षी तुफान चाललेलं नेट तिसऱ्या वर्षी रात्री रखडत असेल तर संशयाची सुई इथे न्या.

चौथा टप्पा बडोद्याहून अहमदाबाद-मुंबईकडे जाणारा पट्टा, आणि पाचवा तुमच्या कंपनीचं जाळं यूट्यूबच्या, नेटफ्लिक्सच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या जाळ्याला जिथे मिळतं ती जागा.

घरगुती ग्राहकांत वेग वाटून घेणं नियमाबाहेरचं नाही. २००९ मध्ये ट्रायने त्याला हद्द घातली होती: घरगुती कनेक्शनसाठी एकास पन्नास, म्हणजे एकाचा वेग जास्तीत जास्त पन्नास जणांत, आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस. त्यामुळे 'माझी लाइन फक्त माझी' हा समज घरगुती प्लॅनच्या किमतीत तरी सोडून द्या.

गर्दी बाहेर आहे की घरात, हे मी कसं ओळखू?

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. वायफाय बंद. घरातले बाकीचे टीव्ही, फोन थोडा वेळ थांबवा. मग सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला स्पीड टेस्ट घ्या, चार-पाच दिवस. तीनही वेळा पूर्ण वेग आला तर बाहेर गर्दी नाही, दुखणं वायफायचं आहे. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा आला तर कंपनीकडे जा. तीनही वेळा कमी आला तर कोटा संपलेला असेल, केबल खराब असेल किंवा फायबरचा सिग्नल कमजोर असेल.

थोडी हौस असेल तर पिंगही, म्हणजे पाठवलेल्या निरोपाचं उत्तर यायला लागणारा वेळ, बघा. आधी राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं सकाळी १५ मध्ये येणारं उत्तर रात्री ९० वर जातंय, तर रांग बाहेर लागलेली आहे. गर्दी वेगात दिसायच्या आधी बऱ्याचदा पिंगमध्ये दिसते. मोबाइलवर, बेडरूममध्ये बसून, वायफायवर घेतलेला स्क्रीनशॉट कंपनीला पाठवू नका. पहिल्याच फोनला ते तो खोडून काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

आमचं घर जुनं आहे, रावपुऱ्यात. पुढच्या खोलीत नेट पळतं, मागे येतच नाही.

दीड-दोन फुटांच्या विटांच्या भिंतींना फाइव्ह-जी नावाने दिसणारा वायफाय, म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा, हार मानतो. २.४ गिगाहर्ट्झचा भिंतीतून जातो, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. गल्ली अरुंद, घरं चिकटून, आणि प्रत्येक घरात एक राउटर. तुमच्या फोनला वीस नेटवर्क दिसत असतील तर ती वीसही घरं या तीन चॅनलवर एकमेकांची वाट बघत बसलेली आहेत. ही गर्दीच आहे, पण कंपनीच्या हातात नसलेली.

उपाय केबलचा. मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लावा. हजार-पंधराशेच्या 'रिपीटर'वर पैसे घालवू नका. साधा रिपीटर तीच हवा दोनदा वापरतो आणि वेग निम्मा करतो. टीव्ही हलत नाही, त्याला केबलच द्या. राउटर कपाटात, टीव्हीमागे किंवा देवघराच्या वरच्या फळीत ठेवू नका.

स्पीड टेस्टमध्ये पूर्ण २०० येतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरतो. हे काय?

टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा तुमच्या कंपनीच्याच जाळ्यात, अगदी याच शहरात असतो. तिथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढंच ती टेस्ट सांगते. व्हिडिओ दुसरीकडून येतो. गूगल आणि नेटफ्लिक्स मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत आपले साठवणीचे सर्व्हर ठेवतात, म्हणून लोकप्रिय सिनेमा परदेशातून यावा लागत नाही. तुमच्या ऑपरेटरकडे असा सर्व्हर नसेल, किंवा तिथपर्यंतची जोडणी भरलेली असेल, तर टेस्ट उत्तम आणि सिनेमा रडका. फास्ट डॉट कॉम ही टेस्ट नेटफ्लिक्सची आहे आणि नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते. रात्री दोन्ही टेस्ट लागोपाठ घ्या. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर तोच पुरावा.

कंपनी मुद्दाम यूट्यूब हळू करते, असं भाचा म्हणतो.

तसं करायला मनाई आहे. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व स्वीकारून परवान्यांच्या अटींत आणलं. अमुक साइट अडव, तमुक हळू कर, असं चालत नाही. जाळं सांभाळण्यासाठी सर्वांना सारखं लागू होणारं व्यवस्थापन चालतं. व्हीपीएन लावल्यावर व्हिडिओ सुधारला म्हणून लगेच कट शोधू नका. व्हीपीएनमुळे रस्ता बदलतो आणि भरलेला जोड टळतो, एवढंही कारण पुरतं.

मॅचच्या दिवशी सगळंच का बसतं?

सिनेमा लोक आपापल्या वेळी बघतात, मॅच सगळे एकाच क्षणी. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्डकपची फायनल इथून शंभरेक किलोमीटरवर अहमदाबादला झाली, तेव्हा हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा रात्री घरात तीन फोनवर तीच मॅच लावण्याऐवजी एका टीव्हीवर लावली तरी फरक पडतो. डीटीएच किंवा केबलवर बघितली तर नेटला भारच नाही, वर शेजाऱ्यांच्या आरोळ्या तुमच्या आधी येत नाहीत.

नवरात्रीचं गणित उलटं. नऊ रात्री लोक गरब्याच्या मैदानांवर, सगळे मोबाइलवरून व्हिडिओ चढवणारे. तिथे मोबाइल टॉवरची दमछाक होते, घरचं फायबर बिचारं मोकळं.

मुलगी फोटोंचा बॅकअप लावते आणि माझी मीटिंग अडकते. प्लॅन तर मोठा आहे!

वर जाणारी लाइन भरली की राउटर डेटाची जादा पाकिटं टाकून न देता साठवत बसतो. तुमच्या आवाजाची पाकिटं त्या ढिगामागे उभी राहतात. वेग आहे, पण उशीर होतो. या दुखण्याला जाणकार बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (डेटाची रांग सांभाळणारी सेटिंग) असेल तर चालू करा आणि अपलोडची कमाल मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. ते जमत नसेल तर बॅकअप रात्री झोपताना. एवढं पुरे.

रांगेचं हे दुखणं जुनं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ, जेमतेम चारशे यार्डांचं अंतर, आणि मधल्या लाइनचा वेग ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा पाठपुरावा करून टीसीपीला, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमपद्धतीला, गर्दी ओळखून मागे सरायला शिकवलं. आज तुमचा व्हिडिओ रखडतो पण पूर्ण तुटत नाही, त्यामागे तेच काम आहे.

मोठा प्लॅन घेतला तर रात्रीचं सुधारेल?

गर्दी घरातली असेल, दहा उपकरणं आणि ४० चा प्लॅन, तर हो. गर्दी ओएलटीच्या वर असेल तर पाचशेचा प्लॅन घेऊनही रात्री तेच ३०-३५ मिळतील, फक्त सकाळी आकडा बघून आनंद होईल. वरची लॅन केबलवाली चाचणी केल्याशिवाय प्लॅन वाढवू नका. त्यावर १८ टक्के जीएसटीही जातो.

प्लॅन २०० चा, पण वेग ९४ च्या पुढे जातच नाही.

गर्दी नाही. राउटरचा पोर्ट १०० चा आहे, किंवा लॅन केबलच्या आठांपैकी चारच तारा लागल्यात. केबल बदला, नाहीतर गिगाबिट पोर्टचा डबा मागा.

उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी नेट गेलं, लाल लाइट लागलाय.

ही तर नक्कीच गर्दी नव्हे. लाल एलओएस म्हणजे प्रकाश पोचत नाही. गच्चीवरून लोंबकळणाऱ्या फायबरमध्ये मांजा अडकतो, कुणीतरी पतंगासाठी ओढतं आणि आतली काच मोडते. १४-१५ जानेवारीनंतर लाइनमनला दोन-तीन दिवस सवड नसते, तक्रार लगेच नोंदवा. तार पूर्ण न तुटता नुसती मुडपली असेल तर नेट चालतं पण सिग्नल पडतो. राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर' -२७ च्या खाली, म्हणजे -२८, -२९ दिसत असेल तर लाइनमनला तोच आकडा सांगा. 'स्लो चलता है'पेक्षा त्यावर काम लवकर होतं.

लाइट गेली की नेटही जातं. पुराच्या वेळी तर दिवसेंदिवस नव्हतं.

खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण तुमच्या राउटरला आणि तिकडच्या ओएलटीला लागते. घरी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की एमजीव्हीसीएलची तासाभराची लाइट-कट निभते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं तशा वेळी कंपनीकडची यंत्रणाच बसते. त्याला घरी उपाय नाही, मोबाइल डेटा जपून ठेवा.

मुलगा न्यू जर्सीला आहे. इथली सगळी नेटं उत्तम, त्याच्याशी बोलताना मात्र चित्र गोठतं.

भारतातून बाहेर जाणारा डेटा समुद्राखालच्या केबलींतून जातो, बऱ्याचशा मुंबईला उतरलेल्या, आणि पश्चिमेकडचा मोठा हिस्सा लाल समुद्रातून. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातही परदेशी सेवा रेंगाळल्या. असं काही नसेल तर वेळ बघा. आपली रात्रीची नऊ ही गर्दीची घटका, त्याची मात्र सकाळ. त्याला तुमच्या पहाटे साडेसहा-सातला बोलवा. तिकडे तेव्हा रात्रीचे आठ-साडेनऊ असतात, कॉल सुधारतो.

तक्रार कशी करायची, की ती पुढे सरकेल?

कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. लाइनमनला व्हॉट्सअॅप केलं, त्याने 'हो साहेब' म्हटलं, ही तक्रार नव्हे. सोबत लॅन केबलवरचे तीन वेळचे आकडे तारखेसह द्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जा, तिथे ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. दोन्ही पायऱ्या फुकट आहेत. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नका.

तक्रारीत कोणता मुद्दा मांडायचा? ट्रायच्या २००६ च्या दर्जाच्या नियमांत दोन गोष्टी होत्या: गर्दीच्या तासातही कंपनीच्या आतल्या लाइनी ८० टक्क्यांहून जास्त भरू नयेत, आणि कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक मिळावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी नियमावली लागू झाली, ती ट्रायच्या साइटवर आहे, तिच्यातलं कलम उद्धृत करा. 'गर्दीच्या तासात माझ्या ओएलटीची अपलिंक (वरची लाइन) किती टक्के भरते?' हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर बहुधा येणार नाही, पण हा ग्राहक वेगळा आहे हे त्यांना कळतं आणि फाइल वरच्या टेबलावर जाते.

याउप्पर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमचे वाद तिथे चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. चालतात.

कंपनीच बदलली तर?

बदला, पण आधी त्याच इमारतीत, त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या दोन घरांत रात्री साडेनऊला जाऊन बघा. मकरपुऱ्यात उत्तम चालणारी कंपनी वाघोडिया रोडवर रडू शकते, कारण ओएलटी वेगळी आणि वरची लाइनही वेगळी. सेल्समन जीबी, ओटीटी आणि मोफत इन्स्टॉलेशनबद्दल बोलेल. तुम्ही इतकंच विचारा, की या भागात रात्री नऊ ते अकरा किती वेग मिळतो आणि महिनाभर बघून नको वाटलं तर पैसे परत मिळतात का. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम भरल्यावर मिळणारी सूट पहिल्या महिन्यात घेऊ नका. गल्लीत दोन ब्रँड दिसले तरी कधीकधी एकाच केबलवाल्याची तार आणि एकच वरची लाइन असते, तेव्हा तार कुठल्या डब्यातून येते हेही लाइनमनला विचारून घ्या. जुनं कनेक्शन नवं आल्याबरोबर तोडू नका. दोन्ही एका शनिवारी रात्री शेजारी शेजारी चालवून बघा, मग जुन्याचा डबा परत करून अनामत रकमेची पावती घ्या.